नापासाची पाटी

अक्का गेल्याचा फोन नागपूरहून आला तेव्हा मी तिच्याच दवाखान्याच्या दारात एका माणसाशी हुज्जत घालत होतो. बाई आजारी आहेत, तपासणी बंद आहे, हे त्याला पटतच नव्हतं. फोन ठेवून त्यालाच म्हणालो, "आता कायमची बंद." ... महिना उलटला, पण माझा राग जात नाही. अशी बाई जाते म्हणजे काय!

माझी ही थोरली बहीण सोनोग्राफीची डॉक्टर. ऐंशीच्या दशकात तिनं आदिलाबादला मशीन आणलं तेव्हा लोक त्याला टीव्हीच म्हणायचे. पुढं पोटातल्या बाळाचं हृदय तपासण्याची खास परीक्षा ती हैदराबादला जाऊन पास झाली. ते प्रमाणपत्र ठरावीक वर्षांपुरतं. मुदत संपली की पुन्हा परीक्षा. सक्ती कुणाची नव्हती, इथं विचारणारं कुत्रंही नव्हतं. तरी अक्का दर वेळी जायची. आल्यावर शाळेची एक पाटी दारावर टांगून खडूनं लिहायची, मराठीत आणि तेलुगूत : बाळाच्या हृदयाची तपासणी. डॉक्टर अमुक तारखेपर्यंत पास.

नव्वदनंतर एकदा ती आपटली. तिथं रंगीत मशीन आलेलं, आमचं काळं-पांढरं. परत आली, चहासुद्धा न घेता पाटी पुसली आणि लिहिलं : नापास. हृदयाची तपासणी बंद. मी उखडलोच. "अक्का, काऊन घरची अब्रू वेशीवर टांगून राह्यली? पुस ते!"

"तुह्या अब्रूपायी लोकाईच्या लेकराचं काळीज अंदाजानं पाहू काय मी?"

दुसऱ्याच दिवशी नार्नूरकडची एक गरोदर बाई आली. तिचं पहिलं बाळ हृदयाच्या दोषानं गेलेलं. अक्कानं तिला नागपूरच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली आणि आपण नापास झालो हे तोंडावर सांगितलं. ती पाटीकडं बघून म्हणाली, "बाई, बाकीचे डाक्टर तं कदी नापासच होत नाईत!" अक्का डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

मग सुरू झाला अभ्यास. खाटकाकडून बकऱ्याचं हृदय आणायला मला पिटाळायची आणि मोरीपाशी बसून ते उभं-आडवं कापून बघायची. अभ्यास तिचा, रस्सा माझा. सुट्ट्या काढून हैदराबादला जायची, आपल्या पोरांच्या वयाच्या डॉक्टरांमागं उभं राहून रंगीत मशीन शिकायची. या वयात हे कशाला, असं एका परीक्षकानं विचारलं. ही म्हणाली, "माझे पेशंट अजून जन्मलेसुद्धा नाहीत, साहेब. त्यांच्या वयाचं बघा." पास झाली, दवाखान्यात रंगीत मशीनही आणलं. पाटी पुन्हा लिहिली तेव्हा तिचा खडू दोनदा मोडला... मी तोंड फिरवून उभा राहिलो, कारण मलाही रडू येत होतं.

शेवटच्या आजारात नागपूरच्या इस्पितळातल्या खाटेवरून तिनं मला एकच बजावलं होतं, "तारीख सरल्याबिगर पाटी पुसू नोको."

परवा एक तरुण डॉक्टर खोली बघायला आला. मशीन आवडलं, भाडं पटलं. जाता जाता म्हणाला, "काका, ती पाटी तेवढी काढून टाका. बरं दिसत नाही." मी आत जाऊन खडू आणला आणि त्याच्यापुढं धरला. म्हटलं, "पाटी राहील. तिच्याखाली तुमची तारीख लिहा."

तो हसला. मी नाही हसलो. खडू त्यानं घेतला नाही, आणि खोलीची किल्ली अजून माझ्याच खिशात आहे.