अप्पांनी मागे घेतलेला शब्द

शिवलिंगअप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला एका पर्यावरण परिषदेत बसलो होतो. व्यासपीठावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले पुष्पगुच्छ दिले जात होते आणि सभागृह इतकं गार केलेलं की मान्यवर सत्काराच्या शाली अंगावरून काढायला तयार नव्हते. फोनवर अप्पांचा पुतण्या होता. "काका, अप्पा गेले..." एवढंच तो बोलू शकला.

लातूरच्या शाळेत आम्ही वर्षानुवर्षं शेजारशेजारच्या वर्गांत शिकवलं. ते मराठी, मी विज्ञान. निवृत्तीनंतर ते शिरूर अनंतपाळजवळच्या आपल्या गावी गेले. धोरण दिल्लीहून गावात पोचेपर्यंत त्याचं फक्त लांबलचक नाव उरतं, असं माझं मत. अप्पांचं म्हणणं, ते नाव नीट मराठीत आणलं की काम होतं. कोळशावर कर कशाला, कारखान्यांना मर्यादा कशाला, सौर विजेला अनुदान कशाला... हे ते पारावर बसून हौसेनं समजावत.

मग गावच्या गायरानावर सौर प्रकल्पाचा प्रस्ताव आला. शेतातल्या मोटारींना दिवसा वीज मिळणार होती. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव हवा होता. माहितीपत्रक अर्थातच अप्पांनी लिहिलं. सुरुवातच 'हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटवण्यासाठी' अशी. शब्द बिनचूक होते. पण आमच्याकडे हरितगृह म्हणजे प्लास्टिकच्या छताखाली ढोबळी मिरची लावतात ते. गावात तशी तीन होती. त्यातल्या एकाचा मालक बसवराज भर सभेत उठला.

"गुरुजी, अनुदान देऊन हरितगृह बांधायला लावलं, अन् आता त्यातून वायू सुटतो म्हणून बंद करायलेत का?"

सभा उधळली, ठराव बारगळला. शेजारचं गाव जागा द्यायला टपलेलंच होतं. अप्पांचा फोन आला तेव्हा आवाज बसला होता. शब्द बरोबरच आहे, असं मी म्हणालो. "बरोबर शब्दापायी गावाची वीज जायलीय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते घरोघर हिंडले. पहिलं घर बसवराजचं. पुतण्या सोबत होता, त्यानं मला सांगितलं.

"शब्द माझा चुकला, योजना न्हाई," अप्पा म्हणाले. "विजेसाठी कोळसा जळतो, त्याचा धूर वाकळेसारखा वर पसरतो अन् खाली आपण उकडतो. उन्हावर वीज केली की तेवढा कोळसा वाचतो. तुझ्या मिरचीला कुणी हात लावत न्हाई."

"मग तसंच लिहायचं की, गुरुजी."

उष्णता अडवतो तो धूर नव्हे, न दिसणारा वायू, अशी विज्ञानशिक्षक म्हणून माझी तक्रार होती. ती मी गिळली. पुढच्या सभेत ठराव झाला, मांडला बसवराजनंच. प्रकल्प सुरू झालेला अप्पांनी पाहिला.

गेल्या आठवड्यात गावी गेलो. प्रकल्पाच्या फाटकावर संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर नावं बरीच, अप्पांचं नाही. दुपारी बसवराजच्या बांधावर बसलो होतो. विहिरीवरची मोटार सुरू झाली तसा त्यानं पलीकडे बायकोला आवाज दिला, "अप्पाची लाईट आली गं, पाणी सोड."

सगळं गाव तसंच म्हणतं. योजनेचं सरकारी नाव मी त्याला विचारलं... त्याला आठवेना.