बाईसाहेबांच्या हातातला ट्रे

बाईसाहेबांना आयुष्यात पहिल्यांदा मालकिणीची भूमिका मिळाली आणि ऐन प्रवेशाला मी त्यांच्या हातात चहाचा ट्रे दिला.

चूक एवढीच. पण ती कळायला आधी बाईसाहेब कळायला हव्यात. परळच्या चाळीत राहणाऱ्या, आंबेडकरी जलशात गाणाऱ्या बापाची ही लेक. आवाज असा, की शेवटच्या रांगेत झोपलेला माणूस उठून बसायचा. आमच्या गिरणीच्या नाट्यमंडळात स्टेजवर उभी राहिलेली पहिली बाई तीच. तोवर आमच्या नायिका प्रयोगाआधी मिशा काढायच्या. पण बाईला काम मिळालं मोलकरणीचं. नायिका गिरगावातून मानधनाचं पाकीट देऊन आणायचे आणि हिने ट्रे घेऊन "होय, बाईसाहेब" म्हणत आत जायचं. हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं, की चाळीने तिलाच बाईसाहेब करून टाकलं.

दादरचे नाटकवाले सांगायचे, "अभिनय उत्तम, पण चेहरा घरंदाज वाटत नाही." घरंदाज म्हणजे काय, हे कुणी बोलत नसे आणि कळत सगळ्यांना असे. बाईसाहेब म्हणायच्या, "माझ्या घराला दार आहे, उंबरा आहे. आणखी काय लावू?"

मग संप लागला. गिरगावच्या नायिकेचं पाकीट मंडळाला झेपेना, तेव्हा अचानक बाईसाहेबांचा चेहरा घरंदाज दिसू लागला. मोलकरणीचं काम लेखकाने कापलं. चहाचा ट्रे पडदा उघडण्याआधी टेबलावर ठेवायचा, असं ठरलं. सामान माझ्याकडे होतं. भाड्याने काही आणायची सोय नव्हती, म्हणून कप बाईसाहेबांनी घरून दिले: लग्नातले, गुलाबाच्या फुलांचे.

विंगेत त्या कुजबुजल्या, "रिकाम्या हाताने कधी आत गेले नाही रे. हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही." मग म्हणाल्या, "पण आज परत ट्रे आला ना, तर नाटकच सोडलं समज."

पडदा उघडला. ट्रे माझ्याच हातात! बाईसाहेबांची एंट्री आली आणि सवयीने माझे हात पुढे झाले. सवयीनेच त्यांनी तो घेतला.

जरीची साडी, गळ्यात मोत्यांची माळ आणि हातात ट्रे. सगळे संपकरी, त्यात अर्धी आमचीच चाळ. "आली रे मोलकरीण!" कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. मी पडद्याची दोरी धरून डोळे मिटले.

बाईसाहेब थांबल्या. तशाच ऐटीत चालत गेल्या आणि ट्रे नाटकातल्या नवऱ्याच्या, शेटजींच्या मांडीवर ठेवला.

"नोकर संपावर गेलेत," त्या म्हणाल्या. "ओता आता. माझाही."

टाळ्या थांबेनात. शेटजी झालेला आमच्या खात्याचा मुकादम, जॉबर, इतका गांगरला, की त्याने खरंच चहा ओतला.

प्रेक्षकांत एक सिनेमावाला होता. तो आत येऊन म्हणाला, "बाई, काय ट्रे धरता हो!" आणि सिनेमात काम दिलं. मोलकरणीचं.

बाईसाहेबांनी विचारलं, "तिचं नाव काय?"

"नाव कशाला? 'अगं ए' म्हटलं की यायचं."

"मग मी येत नाही."

शेवटी नाव मिळालं, शांता. तिथून त्यांचा नियमच झाला, बिननावाची मोलकरीण करायची नाही. नावं आमच्या चाळीतली. मग त्या त्या नावाची बाई मॅटिनीला जायची आणि परतल्यावर भांडायची, "माझं काम एवढंसंच का ठेवलंस गो?" मालकीण मात्र त्यांना पुन्हा कुणी दिली नाही. सिनेमावाल्यांना पडद्यावरच्या घरातली माणसंही आपल्या ओळखीच्या चेहऱ्यांचीच लागतात.

गिरणीच्या जागी मॉल उभा राहिला, त्यानंतर परळला त्यांचा सत्कार झाला. शालीत बुडालेल्या बाईसाहेब मोठ्या खुर्चीत, हात मांडीवर, रिकामे. मी भाषणात सांगितलं, की त्या दिवशी माझ्या धांदरटपणाने ट्रे दिला नसता, तर ही अभिनेत्री जगाला दिसली नसती. टाळ्याही पडल्या.

बाईसाहेबांनी माइक ओढून घेतला.

"मेल्या, तू कसला देतोस? तुझे हात लटलट कापत होते. माझे कप फुटतील म्हणून घेतला मी."