जाऊबाईंचा सरकारवर दावा

माझ्या थोरल्या जाऊबाई एखाद्या गोष्टीच्या मागे लागल्या की हात धुऊन लागतात. मी नवी सून असताना दूध उतू कसं गेलं, याची त्यांनी तासभर चौकशी केली होती. तिथे सरकार कुठल्या झाडाचा पाला!

पुलापलीकडच्या वस्तीत त्या वाचनालय चालवतात. दर निवडणुकीला तिथेच मतदान व्हायचं. यंदा खोली लागणार नाही, असा निरोप आला. वस्तीतल्या बाकीच्या केंद्रांनाही तोच. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी मत द्यायला एवढा पूल ओलांडायचा? जाऊबाईंनी केंद्रं बंद करण्याच्या योजनेचे कागद मागितले. ‘अशी कोणतीही योजना नाही,’ असं उत्तर आलं. त्या सरळ कोर्टात गेल्या.

मला त्यांचा भयंकर राग आला, कारण आमचे हे त्याच निवडणूक कार्यालयात नोकरीला. रविवारी दीर-भावजय समोरासमोर जेवायचे आणि दाव्याबद्दल चकार शब्द काढायचे नाहीत.

कोर्टाने दम भरल्यावर फाइल मिळाली. त्याच संध्याकाळी जाऊबाई आमच्याकडे आल्या.

“भावजी, योजना आहे. खाली सही तुमची आहे. उद्या कोर्टात देणार. बाहेरून कळायला नको, म्हणून आले.”

हे पानं चाळत राहिले. मग म्हणाले, “वहिनी, तुम्ही फाइल मागितलीत, त्यांनी फाइल दिली. सोबतचे तक्ते वेगळ्या कपाटात असतात. आमच्याकडे ज्याचं नाव घ्याल तेवढंच मिळतं.”

“काय आहे त्यात?”

“कुठल्या वस्तीची मतं कुणाला जातात, ते. त्यावरूनच केंद्रं बंद करायची ठरली.” ह्यांनी फाइल मिटली. “तक्ते मीच केलेत.”

सरकारच्या नाकी नऊ आणणाऱ्या त्या बाईचा हात तक्त्यांची नावं टिपायला पेन उघडताना अडला. “राहू दे, भावजी. आहे तेवढ्यावर भागेल. तुमची नोकरी जाईल.”

“नाही भागणार. जागेची अडचण होती असं सांगून सुटतील ते.”

ह्यांनी त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि एकेका तक्त्याचं नाव घालून नवा अर्ज लिहायला बसले.

“अहो, निदान टाइप तरी करून घ्या,” मी रडकुंडीला येऊन म्हणाले. “तुमचं अक्षर ऑफिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळे ओळखतात.”

“ओळखू देत,” हे म्हणाले.