न कापलेली पानं

अशा गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर मनातल्या मनात हसत आले. आजही माझा विश्वास बसला आहे, असं म्हणवत नाही. तरी लिहितेय… कारण हे बोलावं असा माणूसच घरात उरला नाही.

आम्ही कर्जतला भिसेगावात राहतो. मी, आई आणि गेल्या वर्षापर्यंत माझा धाकटा भाऊ नंदू. मी शाळेत मराठी शिकवते. नंदू कुंभिवलीजवळ एका कंपनीत होता. आईचं आयुष्य कडावच्या भातशेतीत गेलं, तिला अक्षरओळख नाही.

नंदूनं रद्दीवाल्याकडून एका लेखकाचा जुना कथासंग्रह आणला होता. लेखकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्या बिचाऱ्याचा यात काय दोष! पुस्तक कुणी उघडलेलंच नव्हतं. पूर्वी यायची तशी पानं वरून आणि कडेनं जोडलेली. नंदूनं नियम केला — रविवारी दुपारी एकच कथा, आणि तेवढीच पानं ब्लेडनं कापायची.

"पुढचं कापायचं नाय हां ताई. तुझा भरवसा नाय, चोरून वाचशील!"

आईच्या खाटेशी बसून तो मोठ्यानं वाचायचा. संग्रह निम्म्यावर आला आणि हायवेवर एका टँकरनं त्याच्या बाइकला उडवलं. टँकर थांबलाही नाही. भेटायला आलेले लोक मला म्हणाले, "तुम्हाला वाचनाची आवड आहे ना, मन रमेल."

दिवसकार्य उरकल्यावर एका रविवारी मी पुढच्या कथेची पानं कापली आणि आईला वाचून दाखवू लागले. एक शिंपी गिऱ्हाइकासाठी कोट शिवतो, गिऱ्हाईक येतच नाही… एवढं झालं, तोच आई म्हणाली, "शेवटी तो शिंपी सोताच घालतो कोट. वाच तू, मी ऐकते."

शेवट तोच होता.

"तुला कसं माहीत?"

"नंदूनं सांगितली की परवा. तू शाळेत होतीस."

पुढच्या वेळी मी पानं कापण्याआधीच तिला कथा विचारली. विहिरीवरून भांडणाऱ्या दोन बहिणी, धाकटीचं खोटं बोलणं, सगळं तिनं सांगितलं. मग ब्लेड लावलं. सगळं तसंच. त्यानंतर प्रत्येक कथेला हेच. जोडलेल्या पानांत खालून डोकावलं तर चार शब्द दिसतात, कथा नाही.

शाळेतली मैत्रीण म्हणाली, त्यानं दुसरी प्रत मिळवून आईला आधीच सांगितल्या असतील. सकाळची गोळी घेतली की नाही हे न आठवणाऱ्या आईला त्या सगळ्या कथा आठवतात? आणि आठवत असतील, तर नंदूचा नियम फक्त माझ्यापुरता होता, असं धरायचं. ते मला भुतापेक्षा जड जातं.

खरं सांगते, भीती वाटलीच नाही. राग आला. त्याला पाटीवर अक्षरं मी गिरवायला लावली, आणि हा येतो तो मी घरात नसताना? मी रजा टाकून घरी बसले. तो आला नाही.

"तू अशी राखण करत बसलीस तर कसा येईल गं?" आई म्हणाली.

आता शेवटची कथा राहिली आहे. ती आईला माहीत नाही.

"ही सांगणार नाय म्हणाला. ही ताईनं वाचायची. वाचून टाक गं सुमे. किती हेलपाटे घालायला लावशील त्याला? दमलाय तो."

"एवढी काळजी आहे तर तूच काप."

"कापीन की. पण मला वाचता कुठं येतंय?"

मला याचा उलगडा झालेला नाही. कुणाला झाला तर तो आपल्यापाशीच ठेवावा. पुस्तक टेबलावर आहे, ब्लेड त्याच्याशेजारी. रोज शाळेतून आले की चप्पल काढायच्या आधी मी विचारते, "आला होता?"

"आला होता," आई म्हणते. "कापलीस का, विचारत होता."

मी आत जाऊन चहा ठेवते.