गोबर गॅसवरचं श्राद्ध

परवा फोनवर धाकट्या नातवाने मला स्वच्छ ऊर्जा म्हणजे काय ते मोठ्या प्रेमाने समजावून सांगितलं. शाळेसाठी त्याने तक्ता केला आहे. त्यात सूर्य आहे, वारा आहे, धबधबा आहे. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि शेण?" त्याने सरळ फोन आईकडे दिला. म्हणून हे लिहायला बसले आहे.

मळवलीच्या आपल्या घरी तुमच्या आजोबांनी गोबर गॅस बसवला तेव्हा साठचं दशक संपत आलं होतं. ते रोज गाडीने लोणावळ्याला नोकरीवर जात आणि घरची शेती, चार म्हशी, दोन गाई सासूबाई आणि मी बघत असू. मावळातल्या पावसाळ्यात लाकूड कधी वाळत नाही. कॉलेजात मी इंग्रजी घेऊन पदवीधर झाले होते, पण श्रावण संपेपर्यंत माझं सगळं शिक्षण फुंकणीत जाई. स्वयंपाकघरात इतका धूर असे की कोणतं पातेलं कुठे आहे हे मी आवाजावरून ओळखायचे. डोळे सदा लाल. बाजारात भेटणाऱ्या बायका मला विचारत, "माहेरी सगळं ठीक ना?"

गोबर गॅसची रचना सोपी असते. विहिरीसारखा विटांचा खड्डा, त्यात पातेलं उपडं घातल्यासारखी लोखंडी टाकी. एका बाजूने शेण आणि पाणी कालवून आत सोडायचं. आत हवा नसते, पण डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. ते शेण खातात आणि गॅस सोडतात. गॅस साठला की टाकी वर येते आणि नळीतून तो स्वयंपाकघरात जातो. निळी ज्योत, धूर नाही, वास नाही. वापरलेलं शेण दुसऱ्या बाजूने खतखड्ड्यात जातं आणि तिथून भाताच्या खाचरात.

आजोबांना टाकीचं कौतुक होतं, मला त्या खतखड्ड्याचं. तिथे जेवढे पाहुणे येत तेवढे आमच्या घरीही येत नसत. शेणकिडे आपल्या अंगाएवढ्या गोळ्या मागच्या पायांनी ढकलत नेत. बगळे काठावर उभे राहून विचार करत. पाऊस ओसरला की परीट पक्षी येत आणि शेपटी वरखाली करत सगळ्या खड्ड्याची पाहणी करत. ते हिमालयाकडून येतात असं मी पुस्तकात वाचलं होतं. एवढ्या लांबून आमच्या शेणासाठी कुणी येतं, याचा मला फार अभिमान वाटे. मी वही केली होती आणि तारीख, वेळ, पक्षी असे रकाने आखले होते.

सासूबाईंना यातलं काहीच मान्य नव्हतं.

"शेणाने जमीन सारवतात. शेणावर अन्न शिजवतात का?"

"आई, गोवऱ्यांवर शिजवतोच की आपण."

"गोवरी उन्हात वाळते. सूर्य तिला शुद्ध करतो. हे तुझं टाकीत कुजतं."

त्या चहा घेत, पण घोट घेण्याआधी कप नाकाशी नेत. पितृपक्ष आला तेव्हा त्यांनी सरळच सांगितलं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, आदल्या वर्षी गेले होते आणि पक्षातलं त्यांचं हे पहिलंच श्राद्ध होतं.

"तुझ्या हट्टाखातर स्वयंपाक होऊ दे गॅसवर," त्या आजोबांना म्हणाल्या. "पण कावळा शिवला नाही, तर त्यांना हे अन्न पसंत नाही असं मी समजेन. सोमवारी खड्डा बुजवायचा आणि चूल मांडायची. मग मला कुणी काही सांगायचं नाही."

आजोबा हो म्हणून बसले. धूर त्यांच्या डोळ्यांत कधी गेलाच नव्हता.

मी स्वयंपाकघराच्या दारावर वेळापत्रक लावलं. सातला खीर, पावणेआठला आमटी, साडेआठला भाज्या, वडे शेवटी. सातला शेगडी पेटवली तर ज्योत करंगळीच्या नखाएवढी! आठवडाभर पावसाची झड होती. थंडीत जंतूसुद्धा आळसावतात. त्या दिवशी सकाळी कुठे ऊन पडलं, पण टाकीला ते कळायला दुपार झाली असती.

मी मागच्या दारी धावले. तिथे मावशी म्हशींना वैरण घालत होती. ही डोंगरातल्या वाडीवरची. आधी ती आम्हाला मोळी आणून देई, गॅस आल्यापासून गोठा बघायला लागली होती. अंगाने चांगली भरभक्कम.

"मावशी, दोनचार मोठे दगड मिळतील का? टाकीवर वजन ठेवलं की गॅस जरा जोराने येतो."

मावशीने टाकीकडे पाहिलं, मग स्वतःकडे. "दगूड कशाला हुडकायचा, वैनी? माज्यापरीस जड दगूड ह्या गावात न्हाई."

आणि पदर खोचून ती टाकीवर जाऊन बसली. टाकी हूं करून चार बोटं खाली गेली. मी आत पळाले. ज्योत एकदम फुलासारखी उघडली होती.

(तुम्ही असलं काही करू नका. मी तेव्हा तरुण होते आणि दारावर वेळापत्रक लावलेलं होतं.)

त्यानंतरचा सगळा स्वयंपाक आम्ही दोघींनी खिडकीतून बोलत केला. "मावशी, जरा पुढे सरक!" म्हटलं की खिरीला उकळी येई. "आता मागे हो," म्हटलं की मंद आच. वडे तळताना मी म्हटलं, "मावशी, आता सगळा भार टाक!" तर बाहेरून उत्तर आलं, "समदाच टाकलाय, वैनी! आता म्हैस आनून बसवू का?" गॅस संपत आला तशी ती टाकीबरोबर हळूहळू खाली जात होती. शेवटी मला खिडकीतून फक्त तिचा अंबाडा दिसत होता.

श्राद्धाचा स्वयंपाक सोवळ्यातला. त्याला परक्या माणसाचा हात लागून चालत नसे. मावशीचा हात कशालाच लागला नव्हता. त्यापलीकडे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

गुरुजी तळेगावहून आले होते आणि त्यांना दुपारच्या गाडीने पुढच्या घरी पोचायचं होतं. विधी झाले. आजोबांनी पडवीच्या कौलांवर पान ठेवलं. त्यात भात, खीर आणि वर एक वडा. आम्ही सगळे अंगणात उभे राहिलो.

एरवी आमच्याकडचे कावळे वाळत घातलेला पापडसुद्धा उचलून नेत. त्या दिवशी एकही नाही. गुरुजींनी "काऽव, काऽव" करून पाहिलं. घड्याळ पाहिलं. पुन्हा काव केलं.

"काही इच्छा राहिली असेल," ते म्हणाले.

आजोबांनी हात जोडले. "बाबा, काय राहिलं असेल ते आम्ही करू."

"काय राहिलंय ते मी सांगते," सासूबाई पुढे झाल्या. त्यांनी कौलांकडे पाहून हात जोडले. "सोमवारी खड्डा बुजवते. चूल मांडते. आता या."

माझ्या डोळ्यांत आताच धूर गेल्यासारखं झालं. मी पानाकडे बघत राहिले. कावळा आला की संपलं. आणि खरं सांगते, इंग्रजी शिकलेली मी बाई मनातल्या मनात म्हणत होते, मामंजी, येऊ नका, एवढ्यात येऊ नका.

कुणी आलं नाही. एक माशी खिरीवर बसली.

"चूलही नको म्हणतायत बहुतेक," आजोबा हळूच म्हणाले. सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते कौलं मोजायला लागले.

तेवढ्यात मागच्या दाराकडून आरोळी आली. "वैनी! आता उतरू का मी? आन् ह्या कावळ्यांस्नी कुनीतरी हाकला, लय कालवा चाललाय हितं!"

आम्ही सगळे मागे धावलो. टाकी तळाला गेलेली, वर मावशी मांडी घालून बसलेली, आणि खतखड्ड्याभोवती गावातले सगळे कावळे. आठ दिवसांनी ऊन पडलं होतं. खड्ड्यावरची साय तापली होती आणि खालच्या गुबगुबीत पांढऱ्या अळ्या वर आल्या होत्या. अशी पंगत सोडून वड्यासाठी कोण येणार?

"तू तिथे काय करते आहेस?" सासूबाईंनी मावशीला विचारलं.

"सैपाक," मावशी म्हणाली.

मी डोळे मिटून घेतले. पण पुढे काही ऐकू आलं नाही, म्हणून उघडले. सासूबाई मावशीकडे बघतच नव्हत्या. एक थोराड कावळा पंगतीतून बाजूला होऊन टाकीला फेरी घालत होता. त्याने नळीच्या सांध्यावर चोच आपटून पाहिली. शेण सोडायच्या तोंडाशी गेला, मान वाकडी करून आत डोकावला, मग गोठ्याकडे वळून म्हशींकडे पाहिलं.

सासूबाईंनी पदर डोक्यावरून घेतला.

"जेवायच्या आधी गोठ्यात फेरी मारल्याशिवाय हे कधी पाटावर बसलेत का?" त्या म्हणाल्या. आवाज जरासा ओला होता. "नवीन काय केलंय मुलाने, ते बघतायत. बघून होऊ दे, मग येतील."

"पण माझी गाडी..." गुरुजी म्हणाले.

"गाडी पुढचीही असते, गुरुजी. हे वर्षातून एकदा येतात."

अळ्यांचं सगळं शास्त्र माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. सासूबाईंनी पान मागवून गोठ्याच्या दगडावर ठेवलं आणि चार पावलं मागे सरून उभ्या राहिल्या. थोराड कावळ्याने आपली तपासणी सावकाश पुरी केली, दगडावर उडी मारली, भाताला चोच लावली आणि वडा घेऊन जांभळीवर गेला.

"तिला खाली उतरव," सासूबाई मला म्हणाल्या, "आणि आधी तिला पान वाढ. बसून बसून दमली असेल."

सोमवारी खड्डा बुजवायला कुणी आलं नाही. सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई शेगडीपुढे काडेपेटी घेऊन उभ्या होत्या आणि ज्योतीपासून हातभर लांब राहून चहाचं आधण ठेवत होत्या.

पुढच्या वर्षी पितृपक्षाआधी मी पाहुणे यायचे म्हणून खतखड्डा उपसून स्वच्छ करायला काढला. सासूबाईंनी मला थांबवलं.

"राहू दे तो तसाच," त्या म्हणाल्या. "आल्यावर त्यांना बघायला काहीतरी नको का?"