आत्याच्या धवल्याची दुसरी प्रत

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. लोक फायली घालवतात आणि मी परत आणून देतो, एवढंच त्या कामाचं सार आहे. परत आणता येतं ते बॅकअपमुळे. रोज ठरलेल्या वेळी, कुणी बटण दाबो न दाबो, प्रत्येक मशीनच्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरते. तिला आम्ही इमेज म्हणतो. हे आपोआप व्हावं लागतं, कारण माणसावर सोडलं तर माणूस उद्यावर ढकलतो. मीही ढकलतो. म्हणून बदलापूरच्या बेलवलीतल्या माझ्या घरच्या लॅपटॉपलाही मी तीच शिस्त लावली आहे. बायको म्हणते, या घरात वेळेवर होणारी ती एकच गोष्ट आहे.

बॅकअप लावताना सॉफ्टवेअर एक प्रश्न विचारतं, की काय वगळायचं? तात्पुरत्या फायली, इंटरनेटचा साठलेला कचरा, उतरवून घेतलेले सिनेमे हे सगळं वगळता येतं. नवशिका इथं घाबरतो आणि काहीच वगळत नाही, मग महिन्याभरात डिस्क भरते आणि बॅकअप बंद पडतो. काय टाकायचं हे ज्याला कळलं त्याला काम कळलं, असं मी नव्या लोकांना ऐटीत सांगतो. सांगायला काय जातं? माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर मी एक फोल्डर असा वगळला होता, की आमच्या धंद्यातल्या कुणी पाहिलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं. त्या फोल्डरचं नाव होतं ‘आत्या’.

माझी आत्या बारवी धरणाच्या अंगाला एका पाड्यावर राहते. ती धवलारीण. आम्हा आगरी लोकांच्या लग्नात भटजी येतो तो नंतर, आधी लागते धवलारीण. हळदीपासून मांडव उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं तिचं गाणं वेगळं, त्याला धवला म्हणतात. पहिल्या धवल्यात ती देवांना नावानं हाका मारून मांडवात बोलावते. गावदेवी, कुलदेव, डोंगरातले, पाण्यातले, शिवाय घरातले गेलेले वाडवडील. मग त्यांना बसवते, त्यांचा मानपान करते, आणि शेवटी त्यांना निरोप देते. हे सगळं तिच्या तोंडात आहे. तिला लिहिता येत नाही आणि तिच्या सुनेला गाता येत नाही.

पाड्यावरच्या एका लग्नात मी तिचे धवले फोनवर रेकॉर्ड करून घेतले. तेव्हा ती गाण्यात गुंतलेली होती. लग्न आटोपल्यावर मात्र तिनं मला समोर बसवलं.

“ह्या आता कवा पन वाजल?”

“हो, कधीही.”

“मांडव नसला तरी?”

“तरी.”

तिचा चेहरा उतरला. “नको रं. मांडव नसताना धवला बोलाचा नाय. देवांना हाक मारली, ते आले, नि घरान त्यांना बसवाला कोन नाय, त त्यांनी जावाचा कुठं?”

मी वाजवणार नाही, असं मी म्हणालो.

“तू नाय वाजवनार. पन एकाचं दोन झालं, दोनाचं चार झालं, म कोनाचा हात लागल त्याचा काय? एकच ठेव. तुझ्याजवल.”

देवाधर्मात मी यथातथाच आहे. गणपती सोडला तर वर्षभर देव आणि मी एकमेकांच्या वाटेला जात नाही. पण तिची भीती मला पटली. घरी बोलावलेला पाहुणा दाराशी ताटकळत राहिला तर माझ्या आईलाही जेवण गेलं नसतं. मी शब्द दिला. रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेतलं, फोनमधून पुसलं आणि बॅकअपमधून तो फोल्डर वगळला. आमच्या धंद्यात एक प्रत म्हणजे शून्य प्रत धरतात. हे ठाऊक असून मी ते केलं, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

मग आत्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू हळूहळू सावरली, वाचा मात्र गेली. शब्द तिच्या डोळ्यांत दिसायचा आणि तोंडातून भलताच निघायचा. पाणी हवं असलं की ती ‘दार’ म्हणायची आणि मग स्वतःवरच चिडायची. मी भेटायला गेलो की ती बोलायचंच टाळायची. नुसता माझा हात धरून बसायची.

त्याच वर्षी माझ्या थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्या घरातलं एकही लग्न आत्याच्या धवल्याशिवाय झालेलं नाही. दुसऱ्या गावाहून धवलारीण आणू, असं वहिनी म्हणाली, तर पुतणी रडायला लागली. “आजीच पायजे. नायतर नकोच कोनी.” तेव्हा भाऊ माझ्याकडे वळला. “तुझ्याकडं रेकॉर्डिंग हाय ना? मांडवातच वाजवायचंय. मग अडतंय कुठं?”

खरंच, कुठं अडत होतं? मांडव असणार होता, बसवायला माणसं असणार होती. मी हो म्हणालो, आणि पुढच्याच आठवड्यात माझ्या लॅपटॉपची डिस्क गेली. आवाज नाही, सूचना नाही, एका सकाळी पडदा काळा.

मी उल्हासनगरला माझ्या नेहमीच्या सिंधी दुकानदाराकडे गेलो. त्यानं जुनी डिस्क लावून पाहिली आणि मान हलवली. “ये तो गया, भाऊ. बॅकअप हाय ना तुमच्याकडे? मग टेन्शन कायको?” बॅकअप आहे, असं मी म्हणालो. त्यानं नवी डिस्क हातात ठेवली.

घरी येऊन मी इमेज परत चढवली. चहा पिऊन होईपर्यंत सगळं जागेवर आलं होतं. पडद्यावरचं चित्र, विजेची बिलं, अर्धवट टाकलेलं एक पत्रसुद्धा. ‘आत्या’ तेवढी नव्हती. जे काम मी लोकांसाठी रोज करतो ते सॉफ्टवेअरनं अगदी चोख केलं होतं, आणि मी सांगितलं तेच वगळलं होतं. मला राग आला, आणि खोटं कशाला बोलू, तो आत्यावरच आला. देव काय आपोआप वाजणाऱ्या फोनला फसून येणार होते? एका म्हातारीच्या समजुतीपायी मी सगळं घालवून बसलो होतो, आणि आता ती म्हातारी पुन्हा गाणार नव्हती.

आठवलं ते कपडे वाळत घालताना. माझी एक सवय आहे. नवं मशीन लावलं की त्याची पहिली इमेज मी वेगळ्या डिस्कवर काढतो आणि ती कधी पुसत नाही. हा लॅपटॉप पाड्यावरच्या त्या लग्नाच्या सुमारासच घेतला होता. धवले त्यावर आधी आले की नंतर? फोल्डर वगळला तो पहिल्या इमेजच्या आधी की नंतर? मी ओले हात तसेच घेऊन कपाट उघडलं, डिस्क जोडली आणि जुनी इमेज उघडली. धवले आधी आले होते, वगळणं नंतरचं होतं. सगळ्या फायली तिथं होत्या. मला नको असलेली दुसरी प्रत इतके दिवस माझ्याच कपाटात, चादरींच्या घडीखाली होती.

आता पेच निराळा होता. न तपासलेला बॅकअप बॅकअप नसतो, असं मी दहा जणांना ऐकवलेलं आहे. फायली नावाला दिसतात आणि उघडल्या की आत काहीच नसतं, हेही पाहिलेलं आहे. पण तपासायचं म्हणजे वाजवायचं, आणि घरात मांडव नव्हता. कर्सर फाईलवर नेऊन मी पुष्कळ वेळ बसलो. शेवटी लॅपटॉप मिटला आणि दुसऱ्या दिवशी पाड्यावर गेलो.

आत्या ओट्यावर बसली होती. मी तिला सावकाश सांगितलं. आत्या, डिस्क गेली, पण एक दुसरी प्रत निघाली, मला ठाऊक नव्हतं. मग तिनं जिभेची खूप जुळवाजुळव केली.

“वाजला?”

“नाही. अजून नाही वाजवला.”

तिनं डोळे मिटून मान हलवली. “मांडव,” ती म्हणाली आणि माझ्या छातीला बोट लावलं. मी त्याचा अर्थ परवानगी असा घेतला.

लग्न बदलापूरलाच, भावाच्या दारात. आत्याला आदल्या दिवशी आणून मांडवात खुर्चीवर बसवलं. डीजेचे खांबासारखे स्पीकर होते, पण मी घरातला छोटा स्पीकर लावला आणि सगळ्यांना गप्प केलं. फाईल उघडली. आधी भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी खोकणं, आणि मग आत्याचा जुना, करकरीत गळा. पुतणी हळदीच्या पाटावर बसून रडत होती आणि हसत होती. आत्या मात्र परीक्षा घ्यायला आल्यासारखी ताठ बसून होती. प्रत्येक देवाचं नाव आलं की तिची मान हलायची. असं हळदीला झालं, देवकाला झालं, लग्नाच्या दिवशी झालं. कुठंही अडलं नाही, आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

नवरी सासरी गेली. दुसऱ्या दिवशी मांडववाल्याची माणसं बांबू सोडायला आली. राहिला होता तो निरोपाचा धवला. आत्या खुर्चीत होती, घरची चारपाच माणसं भोवती होती. मी शेवटची फाईल लावली. ताटांचा खणखणाट आला, आणि माझाच आवाज आला: “चला, पहिल्या पंगतीला बसून घेऊ, मग गर्दी होईल.” नंतर काहीच नव्हतं. पाड्यावरच्या त्या लग्नात मी तिथंच रेकॉर्डिंग बंद करून जेवायला उठलो होतो. निरोपाचा धवला मी रेकॉर्ड केलेलाच नव्हता.

मांडववाल्यानं विचारलं, “सोडू का?” भाऊ माझ्याकडे बघायला लागला. बोलावलेले सगळे देव आणि आमचे मेलेले आजोबा-पणजोबा मांडवात बसलेले, आणि त्यांना जा म्हणायला कुणी नाही. माझा विश्वास नसला तरी माझ्या अंगावर काटा आला.

आत्यानं खुर्चीचा हात धरला आणि ती उठून उभी राहिली. वहिनी तिला सावरायला धावली. आत्यानं तिला बाजूला केलं आणि तोंड उघडलं. तोंड वाकडं होतं, आवाज फाटका होता, पण शब्द बरोबर येत होते. पाणी मागायला जिला शब्द सापडत नव्हता, ती एकेका देवाचं नाव घेऊन त्याला वाटेला लावत होती. गाण्यात तिची जीभ कुठंच अडखळली नाही. आजोबांचं नाव आलं तेव्हा भावानं तोंड फिरवलं. मी हात जोडून उभा होतो, आणि मला रडू आवरत नव्हतं.

धवला संपला. ती धापा टाकत खाली बसली. मग तिनं मला जवळ बोलावलं आणि माझ्या खिशातल्या फोनवर हात ठेवला.

“ठेवलास?”

रेकॉर्ड करायला मी फोन काढलाच नव्हता. एकाचं दोन करायचं नाही, हा तिला दिलेला शब्द मी पाळला होता. मी नाही म्हणून मान हलवली.

तिनं माझ्याकडे जे पाहिलं ते मला विसरता येणार नाही. त्यात राग नव्हता. ती घाबरली होती, की पुढच्या मांडवात आलेल्या देवांना निरोप कोण देणार. मांडववाला पहिल्या बांबूची दोरी सोडत होता. आत्यानं हात वर करून त्याला थांबवलं, पुन्हा गायला खुर्चीचा हात धरला, आणि मी फोन काढेपर्यंत माझ्यासाठी थांबून राहिली.