लिही, जर, फिर

ऐंशीच्या दशकात मी नागपुरात, धरमपेठेतल्या एका खासगी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. घरातला पहिला पदवीधर मी. शाळा तालुक्याच्या गावी, मराठीतून. क्लासला येणारी बरीच मुलंही तशीच. इंग्रजी आज्ञा पाहिल्या की त्यांची बोटं कीबोर्डवर थांबायची. म्हणून मी एक छोटी प्रोग्रामिंग भाषा तयार केली. अक्षरं इंग्रजी, शब्द मराठी: लिही, जर, फिर. 'फिर' म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा कर. ती चालवणारा प्रोग्राम मी आतल्या सगळ्या ओळींसकट फ्लॉपीवर वाटला. उघडा, वाचा, चुकलं असेल तर दुरुस्त करा, असं सांगून.

खापरखेड्याच्या वसाहतीतून बसने येणाऱ्या एका मुलीने ते मनावर घेतलं.

"सर, तुमची भाषा एकाचा पाढा म्हणून चूप बसते. दोनाचा म्हणतच नाही."

"तुझा प्रोग्राम चुकला असेल."

"माहा नाही, तुमचा चुकला. पाहून घ्या."

पाहिलं. एका 'फिर'मध्ये दुसरा 'फिर' घातला की आतल्याबरोबर बाहेरचाही संपायचा, कारण परत कुठे यायचं याची एकच जागा मी लक्षात ठेवत होतो. तिने त्या जागा खानावळीतल्या ताटांसारख्या एकावर एक रचल्या. वरची आधी उचलायची. तिसापर्यंतचे पाढे स्क्रीनवर सरसर धावले. तिच्या ओळी मी मूळ प्रतीत घेतल्या, तिच्या नावासकट.

हे क्लासच्या मालकांच्या कानावर गेलं. ते थेट वर्गात आले.

"काहून गा, लोक विकत घ्यायले तयार आहेत, अन् तू फुकट वाटून राहिला? आजपासून आतलं कोणाले दाखवू नको. नुसतं चालणारं दे."

"नाही जमणार, भाऊसाहेब."

"मशीन माही, लाईट माही, अन् तुले जमणार नाही?"

"मशीन तुमची. पण पाढे हिच्यामुळे चालतात. हिलाही विचारा."

ते तिच्याकडे वळले. "काय वं, तुले काही हरकत?"

"आहे ना. लपवलं असतं तर मले दुरुस्त करता आलं असतं का? मग दुकानात काय विकलं असतं तुम्ही, एकाचा पाढा?"

वर्ग हसला. मालक हसले नाहीत. "उद्यापासून येऊ नको," ते मला म्हणाले.

माझ्या पगारावर घर चालत होतं. पण मी जे काही शिकलो, ते कुणीतरी माझ्यासमोर उघडून दाखवलं म्हणून. त्या माणसांचे उपकार कुलूप लावून फेडायचे, हे मला मान्य नव्हतं. मालकांच्या देखतच मी मुलांना सांगितलं, "ज्यांच्याकडे ही दुरुस्त प्रत नसेल त्यांनी आत्ता कॉपी करून घ्या." मुलं उठली. मालकांनी मेन स्विच बंद केला, तोवर तिघाचौघांची झाली होती. तेवढं पुरेसं होतं. पुढचं त्या फ्लॉप्यांनी केलं, एकीवरून दुसरी, हातोहात.

नोकरी गेली ती गेलीच. बरेच महिने घरी बसलो, नातेवाइकांची बोलणी ऐकली. पुढे एका दुकानदाराने ती भाषा मागितली, फक्त चालणारी, आतलं काढून. मी त्याला दारातूनच परत पाठवलं.